तंत्रज्ञान धोरणाची दोन दारे

डिजिटल व्यवस्थांची रचना बहुतांशी सरकारबाहेरचे तज्ज्ञ करतात आणि तिच्यातील दोष न्यायालयासमोर मांडतात तेही सरकारबाहेरचेच लोक. या दोन टोकांच्या मध्ये सामान्य नागरिकाची हरकत नोंदवून तिला उत्तर देणारी बंधनकारक प्रक्रिया मात्र नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेचे नियम आकार घेत असताना ही उणीव अधिकच जाणवते.

१ मार्च २०२४ रोजी केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने इंटरनेट मंचांसाठी एक सूचनापत्र काढले. कृत्रिम बुद्धिमत्तेची जी प्रारूपे अद्याप चाचणीच्या अवस्थेत आहेत किंवा पुरेशी विश्वासार्ह ठरलेली नाहीत, ती भारतीय वापरकर्त्यांना उपलब्ध करून देण्यापूर्वी सरकारची स्पष्ट परवानगी घ्यावी, असे त्यात म्हटले होते. नवउद्योजक आणि गुंतवणूकदार यांनी समाजमाध्यमांवर तीव्र नापसंती व्यक्त केली. ही अट नवउद्योगांना लागू नाही, असा खुलासा संबंधित राज्यमंत्र्यांनी तीन दिवसांत केला आणि १५ मार्चला निघालेल्या सुधारित सूचनापत्रातून परवानगीची अटच वगळण्यात आली.

नवउद्योजकांची हरकत दिल्लीत ऐकली जाण्यास पंधरवडा पुरला. दुसरे उदाहरण झारखंडचे. स्वस्त धान्य दुकानातील यंत्रावर बोटांचे ठसे जुळले नाहीत किंवा यंत्राला नेटवर्क मिळाले नाही म्हणून धान्याविना परतणाऱ्या शिधापत्रिकाधारकांच्या तक्रारी ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ आणि स्थानिक कार्यकर्ते गावोगाव फिरून नोंदवत राहिले. सप्टेंबर २०१७ मध्ये सिमडेगा जिल्ह्यात एका मुलीचा मृत्यू झाला. शिधापत्रिका आधारशी जोडलेली नसल्याने ती रद्द झाली आणि घरात अन्न उरले नाही, असे कुटुंबाचे म्हणणे होते. मृत्यू उपासमारीने झाला हे राज्य सरकारने नाकारले. या प्रश्नाची देशभर दखल घेतली जाण्यासाठी मात्र एवढे घडावे लागले.

दोन्ही प्रसंगांत बोलणारे लोक सरकारबाहेरचेच होते. उगवत्या तंत्रज्ञानाचे नियम केवळ संसद आणि मंत्रालये ठरवतात, हा समज भारताच्या गेल्या दीड दशकाच्या अनुभवाशी जुळत नाही. उद्योग, स्वयंसेवी तज्ज्ञगट, विद्यापीठे, ग्राहक व कामगार संघटना, वकील आणि संशोधक यांनी हे नियम घडवले, रोखले आणि बदललेही. बिगर-सरकारी सहभाग असावा की नसावा, हा वाद म्हणूनच निरर्थक आहे. खरा प्रश्न एवढाच, की या सहभागाची दारे कोणासाठी उघडी आहेत आणि आत काय बोलले गेले त्याची नोंद कोठे राहते.

आराखड्याचे दार

पहिले दार आराखडा तयार होतो त्या खोलीचे. भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरण २००९ मध्ये स्थापन झाले आणि इन्फोसिसचे सहसंस्थापक नंदन निलेकणी त्याचे पहिले अध्यक्ष झाले. खासगी कंपन्यांतील अनेक अभियंते रजा घेऊन किंवा स्वयंसेवक म्हणून या कामात सहभागी झाले. २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले. या प्राधिकरणासंबंधीचे विधेयक यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय स्थायी समितीने डिसेंबर २०११ मध्ये अमान्य केले. तरीही काम थांबले नाही. अखेर मार्च २०१६ मध्ये आधार कायदा धनविधेयकाच्या रूपाने संमत झाला, तेव्हा आधार क्रमांकांची संख्या शंभर कोटींच्या घरात पोहोचली होती. व्यवस्था आधी आणि कायदा नंतर, हा क्रम तेथे रूढ झाला.

२०१३ मध्ये बेंगळुरूत ‘आयस्पिरिट’ हा सॉफ्टवेअर उद्योगातील मंडळींचा विचारगट स्थापन झाला. ओळख, स्वाक्षरी, कागदपत्रे आणि पैशांची देवाणघेवाण या गोष्टी एकमेकींशी जोडणाऱ्या ज्या संचाला ‘इंडिया स्टॅक’ म्हणतात, त्याच्या मांडणीत या गटाच्या स्वयंसेवकांचा मोठा वाटा आहे. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेली ‘यूपीआय’ ही या परंपरेतील सर्वांत यशस्वी निर्मिती. २०२३-२४ या आर्थिक वर्षात तिच्यावरून तेरा हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. भाजीवाल्याच्या गाड्यापासून विमान कंपनीपर्यंत सर्वांना एकाच व्यवस्थेत आणणारी ही कामगिरी जगात वाखाणली जाते, आणि ते योग्यच आहे. निव्वळ सरकारी यंत्रणेकडून ती एवढ्या वेगाने झाली असती, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

पण यूपीआय चालवते कोण? ‘नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’ ही रिझर्व्ह बँक आणि भारतीय बँक संघ यांच्या पुढाकाराने २००८ मध्ये स्थापन झालेली, बँकांच्या मालकीची ना-नफा कंपनी. एकाच अॅपकडे एकूण व्यवहारांपैकी ३० टक्क्यांहून अधिक वाटा असू नये, असे या कंपनीने नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर केले. फोनपे आणि गुगल पे या दोघांकडे मिळून चार-पंचमांशाहून अधिक व्यवहार असल्याने मर्यादेची मुदत आधी २०२४ अखेरपर्यंत आणि मग २०२६ अखेरपर्यंत वाढवण्यात आली. या निर्णयाची कारणे बाजूला ठेवू. कोट्यवधी लोक रोज वापरत असलेल्या बाजारपेठेत मक्तेदारी किती चालू द्यायची, हा सार्वजनिक धोरणाचा प्रश्न एका कंपनीच्या परिपत्रकाने ठरला आणि परिपत्रकानेच पुढे ढकलला गेला, हे मात्र लक्षात घेण्याजोगे आहे.

आराखड्याच्या खोलीतील निर्णय वरवर तांत्रिक दिसतात, पण त्यांतच नियम दडलेला असतो. शिधा घेण्यासाठी बोटांचे ठसे हा मुख्य पुरावा मानायचा आणि ठसे न जुळल्यास पर्यायी मार्ग दुकानदाराच्या मर्जीवर सोडायचा, हे ठरले की अंगमेहनतीने हात झिजलेल्या मजुराचा हक्क तेथेच क्षीण होतो. पुढे कायद्यात कितीही अपवाद लिहिले तरी दुकानातील यंत्र ते वाचत नाही. म्हणून या खोलीत कोण होते, कोणाच्या वतीने होते आणि याच व्यवस्थेवर उभ्या राहणाऱ्या व्यवसायात त्यांचे हितसंबंध आहेत का, हे लोकांना कळायला हवे. असे हितसंबंध असणे हा गुन्हा नाही. ते जाहीर करण्याची सर्वांना लागू असलेली पद्धत नाही, ही अडचण आहे.

न्यायालयाचे दार

आराखड्याच्या खोलीत ज्यांना बोलावणे नव्हते, त्यांनी दुसरे दार ठोठावले. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये, वयाच्या ८६व्या वर्षी, आधारविरोधात सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. पुढे शांता सिन्हा, अरुणा रॉय, बेझवाडा विल्सन यांच्यासह अनेक कार्यकर्ते न्यायालयात गेले. खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, अशी भूमिका केंद्राच्या वतीने २०१५ मध्ये मांडण्यात आली, तेव्हा हा मुद्दा मोठ्या पीठाकडे गेला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. आज भारतात डेटा संरक्षणाची जी काही भाषा आहे, तिचा पाया या निकालात आहे आणि त्यासाठीचा पुढाकार कोणत्याही मंत्रालयाने घेतलेला नव्हता.

या दाराने इतरही मोठे बदल घडवले. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरमधील दोन तरुणींना फेसबुकवरील मजकुरावरून अटक झाल्यानंतर श्रेया सिंघल यांनी याचिका केली आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ मार्च २०१५ मध्ये रद्द झाले. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा, हे सरकारी तथ्यतपासणी कक्षाने ठरवावे, ही तरतूद विनोदकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आदींच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली.

तथापि न्यायालयाचे दार उशिरा उघडते. आधार योजनेवरील अंतिम निकाल सप्टेंबर २०१८ मध्ये, म्हणजे पहिल्या याचिकेनंतर सहा वर्षांनी आला. चार विरुद्ध एक अशा बहुमताने योजना वैध ठरली, खासगी कंपन्यांना आधार वापरू देणाऱ्या तरतुदीला चाप बसला आणि २०१९ च्या दुरुस्तीने ऐच्छिक वापराचा मार्ग पुन्हा मोकळा झाला. एवढ्या अवधीत आधारशिवाय दैनंदिन व्यवहार करणे बहुतेकांना अवघड झाले होते. न्यायालय तरतूद वैध की अवैध एवढे सांगू शकते; बोटांचे ठसे न जुळल्यास काय करावे, याचा चांगला पर्याय आखून देणे हे त्याचे काम नाही. शिवाय दिल्लीत वकील उभा करण्याची ताकद किती जणांकडे असते?

‘ट्राय’चा धडा

या दोन दारांच्या मध्ये तिसरा मार्ग असू शकतो, हे भारताने एकदा स्वतःच दाखवून दिले आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ‘ट्राय’ने, २७ मार्च २०१५ रोजी इंटरनेटवरील सेवांच्या नियमनाबाबत ११८ पानांचा चर्चापत्राचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात वीस प्रश्न होते आणि भाषा तज्ज्ञांनाही जड जावी अशी होती. ‘सेव्ह द इंटरनेट’ या नावाने एकत्र आलेल्या स्वयंसेवकांनी मसुदा सोप्या भाषेत मांडला आणि नागरिकांना उत्तरे पाठवण्याची सोय करून दिली. काही आठवड्यांत दहा लाखांहून अधिक ईमेल ‘ट्राय’कडे गेले.

त्याच वर्षाअखेर डेटाच्या भेदभावपूर्ण दरांविषयी दुसरे चर्चापत्र आले. काही निवडक संकेतस्थळे मोफत देऊ पाहणाऱ्या ‘फ्री बेसिक्स’साठी फेसबुकने वृत्तपत्रांत मोठ्या जाहिराती दिल्या आणि वापरकर्त्यांकडून साचेबद्ध पाठिंबापत्रे पाठवून घेतली. ‘ट्राय’ने या मोहिमेवर स्पष्ट नाराजी व्यक्त केली, कारण विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्या पत्रांत नव्हती. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘ट्राय’ने मजकुरानुसार वेगवेगळे दर आकारण्यास बंदी घातली; उल्लंघनासाठी दिवसाला ५० हजार आणि कमाल ५० लाख रुपये दंड ठेवला. जगातील एका बलाढ्य कंपनीने कसून केलेला प्रचार येथे निष्प्रभ ठरला.

या विजयाचे श्रेय केवळ निःस्वार्थ नागरिकांचे होते, असे नाही. इंटरनेट समानतेत अनेक नवउद्योगांचे व्यावसायिक हित होते आणि दूरसंचार कंपन्यांनीही आपली प्रतिमोहीम चालवली होती. बिगर-सरकारी म्हणजे निःपक्ष, हे समीकरण कोठेही टिकत नाही. पण ‘ट्राय’च्या पद्धतीत सर्वांना आपली बाजू लेखी मांडावी लागली, ती सर्वांसाठी प्रसिद्ध झाली, तिच्यावर प्रतिमते घेतली गेली, खुली चर्चा झाली आणि शेवटचा निर्णय कारणांसह आला. दूरसंचार नियामक कायद्याच्या कलम ११(४) मध्ये पारदर्शकतेचे बंधन आहे म्हणून हे शक्य झाले. या पद्धतीत त्रुटीही होत्या. एप्रिल २०१५ मध्ये मते पाठवणाऱ्यांचे ईमेल पत्ते ‘ट्राय’ने सरसकट उघड केले, त्यावर रास्त टीका झाली.

तीन महिन्यांनी, मे २०१६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे ‘ट्राय’चा दुसरा एक नियम रद्द केला. फोन मध्येच तुटल्यास ग्राहकाला भरपाई देण्याचा तो नियम होता. मोबाइल कंपन्यांचे आक्षेप ‘ट्राय’ने पुरेशा पारदर्शकतेने विचारात घेतले नाहीत, असे न्यायालयाचे मत पडले. नियम करताना लोकांना पूर्वसूचना देणे आणि त्यांच्या मतांना कारणांसह उत्तर देणे सर्व यंत्रणांवर बंधनकारक करणारा कायदा संसदेने करावा, असेही न्यायालयाने सुचवले. असा कायदा अजून झालेला नाही.

बंद लिफाफ्यातील मते

याचा परिणाम डेटा संरक्षणाच्या प्रवासात दिसतो. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीने जुलै २०१८ मध्ये अहवाल दिला. २०१९ चे विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे जाऊन ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतले गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये नवा मसुदा आला, तो आलेली मते उघड केली जाणार नाहीत या सूचनेसह. ऑगस्ट २०२३ मध्ये कायदा झाला. जानेवारी २०२५ मध्ये त्याखालील नियमांचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हाही हीच अट कायम होती.

सरकारने लोकांचे ऐकलेच नाही, असे म्हणता येणार नाही. नियमांवर सुमारे ६,९०० सूचना आल्या, मुंबईसह अनेक शहरांत चर्चा झाल्या आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले. मते गोपनीय राहिल्यास लोक मोकळेपणाने बोलतात, हा युक्तिवादही निराधार नाही. पण कोणत्या कंपनीने कोणती सवलत मागितली आणि ती मिळाली का, कोणत्या संघटनेने कोणता धोका दाखवला आणि तो का अमान्य झाला, हे बाहेरच्या माणसाला कळण्याचा मार्ग त्यामुळे बंद होतो. मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा आणि आलेल्या मतांचा सारांश प्रसिद्ध करावा, असे केंद्राच्याच फेब्रुवारी २०१४ च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणात म्हटले आहे. ते धोरण आहे, कायदा नव्हे. म्हणून ते पाळले न गेल्यास विचारणा करण्याची सोय नाही. याच डेटा संरक्षण कायद्याने माहितीच्या अधिकाराच्या कलम ८(१)(ज) मध्ये बदल करून वैयक्तिक माहितीच्या नावाखाली नकार देणे सोपे केले. त्याविरुद्ध माहिती अधिकाराच्या चळवळीने घेतलेल्या हरकतींना मंत्रालयाने सल्लामसलतीत काय उत्तर दिले, हे मुद्देसूद सांगणारे दस्तऐवज लोकांसमोर नाहीत.

राजस्थानातील वेगळी वाट

हे वेगळ्या रीतीने करता येते, याचे उदाहरण राजस्थानात आहे. नव्वदच्या दशकात गावच्या कामांची हजेरीपत्रके आणि बिले जनसुनावणीत वाचून दाखवणाऱ्या मजदूर किसान शक्ती संघटनेने पुढे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाशी नियमित संवाद सुरू केला. शिधा, निवृत्तिवेतन, रोजगार हमी यांची माहिती कोणत्या स्वरूपात दिली तर गावकऱ्याला ती पडताळता येईल, यावर अधिकारी, संगणकतज्ज्ञ आणि कार्यकर्ते एकत्र बसले. त्यातून सप्टेंबर २०१९ मध्ये ‘जन सूचना पोर्टल’ उभे राहिले. आपल्याला किती धान्य मिळाल्याची नोंद आहे, हे कोणालाही अर्ज न करता तेथे पाहता येते. जुलै २०२३ मध्ये अॅपवर काम करणाऱ्या कामगारांसाठी देशातील पहिला कायदाही याच राज्यात झाला आणि त्यामागेही कामगार संघटनांचा पाठपुरावा होता.

हा प्रयोग निर्दोष नाही. सरकारे बदलली की असे संवाद मंदावतात. पण ज्याच्यासाठी व्यवस्था बनते, त्याला आराखड्याच्या टप्प्यावरच बोलावता येते आणि त्यामुळे व्यवस्था अधिक उपयोगी होते, हे त्यातून सिद्ध झाले.

पुढचा टप्पा

कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. तूर्त स्वतंत्र कायद्याची गरज नाही, विद्यमान कायदे आणि उद्योगांच्या स्वेच्छेने केलेल्या उपाययोजना यांवर भर द्यावा, अशी त्यांची दिशा आहे. वेगाने बदलणाऱ्या क्षेत्रात घाईने कडक कायदा करू नये, यात तथ्य आहे. परंतु कायद्याऐवजी स्वेच्छेवर विसंबायचे, म्हणजे नियम घडवण्याची जबाबदारी आणखी मोठ्या प्रमाणात सरकारबाहेर सोपवायची. अशा वेळी त्या प्रक्रियेवर लोकांची नजर अधिक हवी.

हा प्रश्न काल्पनिक नाही. तेलंगणात संगणकीय निकषांच्या आधारे, घरी जाऊन पडताळणी न करता, लाखो शिधापत्रिका रद्द झाल्या होत्या. हैदराबादच्या एका कार्यकर्त्याने न्यायालयात धाव घेतल्यावर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये प्रत्यक्ष पडताळणी करण्यास सांगितले. यंत्राने नाव वगळले, ते का, हे त्या कुटुंबांना कोणी सांगितले नव्हते.

तीन गोष्टी आजच करता येण्याजोग्या आहेत. पहिली, २०१४ च्या धोरणाला कायद्याचे बळ द्यावे आणि ते संसदेच्या विधेयकांसोबत नियम, सूचनापत्रे आणि यूपीआयसारख्या सार्वजनिक व्यवस्थांच्या परिपत्रकांनाही लागू करावे. कंपन्या व संघटनांची मते जाहीर व्हावीत. व्यक्तींना नाव-पत्ता झाकण्याची मुभा असावी. दुसरी, सरकारी डिजिटल व्यवस्थांच्या रचनेत सहभागी होणाऱ्या स्वयंसेवक, सल्लागार आणि संस्थांनी आपले हितसंबंध एका खुल्या नोंदवहीत लिहावेत. हाच नियम मोहिमा चालवणाऱ्या स्वयंसेवी संस्थांनाही लागू असावा. त्यांना निधी कोठून मिळतो, हे लोकांना ठाऊक असणे त्यांच्याच हिताचे आहे.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. शिधा, निवृत्तिवेतन, आरोग्य यांत स्वयंचलित निर्णय आणण्यापूर्वी आणि आणल्यानंतर ठरावीक काळाने सामाजिक अंकेक्षण व्हावे. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने ही कल्पना देशभर नेली आणि मेघालयाने २०१७ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. ग्रामसभेत हजेरीपत्रक वाचता येते, तर यंत्राने कोणाची नावे वगळली आणि कोणत्या कारणाने, तेही वाचून दाखवता येईल. त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.

अशा प्रक्रियेने निर्णय काहीसे लांबतील, ही हरकत रास्त आहे. पण आधारच्या वादात देशाने न्यायालयात घालवलेली सहा वर्षे आणि डेटा संरक्षणाच्या विधेयकांच्या फेऱ्यांत गेलेली पाच वर्षे पाहता, आधी ऐकून घेण्यास लागणारे काही महिने महाग म्हणता येणार नाहीत. नवउद्योजकांच्या हरकतीला मार्च २०२४ मध्ये दोन आठवड्यांत उत्तर मिळाले. तेवढ्या तत्परतेने नाही, पण तेवढ्याच निश्चितपणे झारखंड-तेलंगणातील शिधापत्रिकाधारकाच्या हरकतीलाही लेखी उत्तर मिळावे, अशी व्यवस्था उभी करणे हे आता संसदेचे काम आहे.